बुद्धीचा गज कोणाच्या हाती?

वाचकहो, मनुष्याला त्याच्या जन्मावरून तोलण्याची रीत या देशात किती जुनी आहे, हे आपणांस सांगावयास नको. पूर्वी ती रीत शास्त्राच्या नावाने चाले. कोणाच्या मुखी विद्या असावी आणि कोणाच्या पाठीवर ओझे असावे, हे पोथीत लिहून ठेवलेले होते आणि पोथीला प्रश्न विचारण्याची कोणास मुभा नव्हती. आज पोथीचा तो धाक उरलेला नाही. तिच्या जागी आता आकडा आला आहे. ‘अमक्या समाजाची बुद्धीच मुळात कमी, मानसशास्त्रज्ञांनी ती मोजून पाहिली आहे,’ असे म्हणणारा मनुष्य स्वतःस सनातनी म्हणवीत नाही, तो स्वतःस विज्ञाननिष्ठ म्हणवितो. राखीव जागांची चर्चा निघाली की तो ‘गुणवत्ता’ हा शब्द उच्चारतो, आणि त्या शब्दाच्या आडोशाला जन्मजात बुद्धीचा जुनाच सिद्धान्त उभा असतो.

पोथीपुढे मान न तुकविणाऱ्यांनी आकड्यापुढे ती का तुकवावी? आकडा खरा असेल तर तो मानलाच पाहिजे. बुद्धिप्रामाण्य स्वीकारणाऱ्यास तेवढा प्रामाणिकपणा दाखविणे भाग आहे. परंतु मानण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे : काय मोजले, कशाने मोजले आणि कशासाठी मोजले? बुद्धिमापनाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासास हे तीन प्रश्न विचारले, म्हणजे ज्यास लोक निसर्गाचा निवाडा समजतात त्यात माणसांचा हात किती आहे हे आपोआप दिसून येते.

काय मोजले?

कापड मोजण्यापूर्वी लांबी म्हणजे काय, हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांसही ठाऊक असते. गज नंतर येतो. बुद्धीच्या बाबतीत मात्र गज आधी आला आणि जे मोजावयाचे ते काय, याचा वाद अद्याप मिटलेला नाही. १९२१ साली अमेरिकेतील शिक्षणविषयक मानसशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकाने त्या काळच्या नामांकित तज्ज्ञांस विचारले की, बुद्धी म्हणजे काय? उत्तरे आली ती एकमेकांशी जुळेनात. कोणी म्हणाला, अमूर्त विचार करण्याची शक्ती; कोणी म्हणाला, अनुभवावरून शिकण्याची पात्रता; कोणी म्हणाला, परिस्थितीशी जुळवून घेण्याचे सामर्थ्य. १९२३ साली एडविन बोरिंग या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी शेवटी असे लिहिले की, बुद्धीच्या कसोट्या जे मोजतात ते म्हणजे बुद्धी! घराचा मालक कोण, तर जो घरात बसला आहे तो, अशातलाच हा न्याय झाला.

इंग्लंडातील चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली असे मत मांडले की, सर्व बौद्धिक कामांच्या मुळाशी एकच सर्वसाधारण शक्ती आहे. अमेरिकेतील लुई थर्स्टन यांनी १९३८ साली त्याच जातीच्या गणितावरून सांगितले की शक्ती एक नसून सात आहेत. कसोट्यांतील गुणांचा एकमेकांशी संबंध असतो, एका कसोटीत चांगले गुण मिळविणारास दुसरीतही बहुधा चांगले गुण मिळतात, ही गोष्ट खरी आहे आणि ती पुष्कळदा पडताळून पाहिलेली आहे. परंतु तो संबंध डोक्यातील एखाद्या एकट्या वस्तूमुळे आहे, की चांगले घर, चांगली शाळा, पोटभर अन्न आणि निर्धास्त मन या गोष्टी एकत्र नांदतात म्हणून आहे, हे नुसता आकडा सांगू शकत नाही.

हा आकडा तयार कसा होतो, तेही पाहू. प्रथम मुलाचे ‘मानसिक वय’ ठरविले जाई. दहा वर्षांच्या मुलाने आठ वर्षांच्या सर्वसाधारण मुलास जमणारी कामेच केली, तर त्याचे मानसिक वय आठ. जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मानसिक वयास खऱ्या वयाने भागण्याची सूचना केली. अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी १९१६ साली त्या भागाकारास शंभराने गुणले, आणि ‘बुद्ध्यंक’ जगात रूढ झाला. पुढे डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली ही रीत बदलली. आता परीक्षार्थीची तुलना त्याच्या वयाच्या लोकांशी होते. सरासरी १०० धरली जाते आणि शंभरांतील सुमारे ६८ लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान पडतील अशी मापाची आखणीच केलेली असते. याचा अर्थ ध्यानात घ्या. बुद्ध्यंक १०० म्हणजे शंभर शेर बुद्धी नव्हे. एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट प्रश्नांपुढे, विशिष्ट लोकांच्या रांगेत आपण कितव्या जागी उभे आहोत, एवढेच तो सांगतो. रांग कोणाची लावली आणि प्रश्न कोणी काढले, हे तो सांगत नाही.

कशाने मोजले?

या मापाचा जन्म पॅरिसमध्ये झाला, आणि तो वाईट हेतूने झालेला नाही. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांची नीट व्यवस्था कशी लावावी, याचा विचार करण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ साली एक मंडळ नेमले. अल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली तीस कामांची एक श्रेणी तयार केली. कोणत्या मुलास अधिक मदत हवी, हे शोधणे हा तिचा उद्देश होता. बुद्धी कायमची ठरलेली असते, ती वाढविता येत नाही, या मतास बिने यांनी १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात कडकडून विरोध केला. वाकड्या पायावर जसे उपचार करतात तसे मनासही व्यायाम देऊन सुधारता येते, असे ते मानीत आणि त्यासाठी त्यांनी खास वर्गही चालविले. १९११ साली ते निवर्तले. त्यांच्या मागे त्यांचा गज समुद्रापार गेला आणि तेथे त्याचा दंडुका झाला.

अमेरिकेत हेन्री गॉडर्ड यांनी ही कसोटी नेली. न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांवर त्यांनी १९१३ साली ती लावून पाहिली आणि १९१७ साली निष्कर्ष छापला : निवडून घेतलेल्या त्या सुमारे दीडशे ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी पाचांत चार मंदबुद्धी! आगबोटीच्या खालच्या वर्गातून समुद्र ओलांडून आलेली, परक्या भाषेने बावरलेली, दुभाष्याच्या तोंडाकडे पाहणारी गरीब माणसे ती. त्यांतील कित्येकांनी आयुष्यात पेन्सिल हाती धरलेली नव्हती. आपण मोजतो आहोत ती बुद्धी की भीती, हा प्रश्न शास्त्रज्ञांस पडला नाही.

याहून मोठा प्रयोग पहिल्या महायुद्धात झाला. रॉबर्ट यर्किस यांच्या देखरेखीखाली १९१७ ते १९१९ या काळात अमेरिकन सैन्यातील सुमारे साडेसतरा लाख लोकांची परीक्षा घेण्यात आली. साक्षरांसाठी एक परीक्षा आणि निरक्षरांसाठी चित्रांची दुसरी. साक्षरांच्या परीक्षेतील एक प्रश्न असा : ‘क्रिस्को’ म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? दुसरा असा : अमुक गृहस्थ लेखक म्हणून प्रसिद्ध, चित्रकार म्हणून, विनोदी नट म्हणून की बेसबॉलचा खेळाडू म्हणून? निरक्षरांस चित्र दाखवून त्यात काय राहून गेले ते काढावयास सांगत. एका चित्रात टेनिसच्या मैदानावरील जाळे नव्हते, दुसऱ्यात विजेच्या दिव्यातील तार नव्हती, तिसऱ्यात ग्रामोफोनचा कर्णा नव्हता. वाचकहो, ज्याच्या घरी दिवाच नाही त्याने दिव्यातील तार ओळखली नाही, म्हणून तो मूढ! ज्याने टेनिसचे मैदान कुंपणाबाहेरूनही पाहिले नाही, त्याचा मेंदू निकृष्ट! याला का मेंदूचे मोजमाप म्हणावयाचे?

निष्कर्ष निघाला की गोऱ्या अमेरिकन सैनिकाचे सरासरी मानसिक वय तेरा वर्षे आहे, आणि कृष्णवर्णीयांचे त्याहूनही कमी. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ साली यावर नेमके बोट ठेवले : राष्ट्रातील सरासरी प्रौढाची बुद्धी सरासरी प्रौढापेक्षा कमी, हे बोलणे निरर्थक आहे. परंतु याहून मर्मावर घाव घातला तो होरेस मॅन बाँड या तरुण कृष्णवर्णीय विद्वानाने. त्याने १९२४ साली सैन्याचेच आकडे पुढे ठेवून दाखविले की, इलिनॉय, न्यूयॉर्क, ओहायो यांसारख्या उत्तरेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय सैनिकांचे गुण मिसिसिपी, आर्कान्सा यांसारख्या दक्षिणेतील काही राज्यांतील गोऱ्यांपेक्षाही सरस आहेत. जेथे शाळा चांगल्या तेथे बुद्धी वाढली. जेथे शाळा दरिद्री तेथे गोऱ्या कातडीनेही ती राखली नाही. ज्यांना मोजून हीन ठरविले, त्यांच्यातीलच एकाने तोच गज हाती घेऊन मोजणारास मोजले. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

कशासाठी मोजले?

सैन्याच्या याच आकड्यांवर कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली ग्रंथ लिहून युरोपातील लोकांची उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशी उतरंड रचली. अमेरिकेत अधिक वर्षे राहिलेल्या स्थलांतरितांस अधिक गुण मिळतात, हे त्यांच्यासमोरच्या आकड्यांतच दिसत होते. त्याचा सरळ अर्थ घेण्याऐवजी त्यांनी असा तर्क लढविला की, पूर्वी चांगल्या रक्ताचे लोक येत असत, आता हलक्या रक्ताचे येतात! १९२४ साली दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांस दार जवळजवळ बंद करणारा कायदा अमेरिकेत झाला. तो केवळ या ग्रंथामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अशा ग्रंथांनी त्या हवेला शास्त्राचा सुगंध लावला, हे निश्चित. १९३० साली ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. कायदा मात्र मागे घेतला गेला नाही. त्यातील राष्ट्रवार वाटणी १९६५ पर्यंत टिकली.

याहून भीषण प्रकरण व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक या गरीब गोऱ्या मुलीचे. परक्या घरी वाढलेल्या या मुलीवर तेथेच बलात्कार झाला, असे तिने पुढे सांगितले. ती गरोदर राहिली आणि तिला मंदबुद्धी ठरवून आश्रमात डांबण्यात आले. तिचे मानसिक वय बिनेच्या कसोटीच्या अमेरिकन आवृत्तीने ठरविले होते. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या सक्तीच्या नसबंदीस मान्यता दिली. अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांवर असे अत्याचार झाले. आणि त्या ‘मंदबुद्धी’ आईची मुलगी? ती अल्पायुषी ठरली. पण शाळेत असताना तिचे नाव गुणवान मुलांच्या यादीत लागले होते. न्यायाधीशांनी हा पुरावा येईपर्यंत वाट पाहिली नाही.

इंग्लंडात सिरिल बर्ट यांनी आयुष्यभर असे प्रतिपादिले की बुद्धी बहुतांशी आनुवंशिक आहे. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची शाळा कायमची ठरविणाऱ्या तेथील व्यवस्थेस अशाच मतांचा आधार होता. वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांचा त्यांनी अभ्यास केला म्हणून सांगितले. १९५५ साली जुळ्यांच्या जोड्या २१ होत्या, १९६६ साली ५३ झाल्या. परंतु त्यांच्या बुद्ध्यंकांतील संबंध दर वेळी नेमका ०.७७१! तिसऱ्या दशांशापर्यंत न हलणारा हा आकडा लिओन केमिन यांनी १९७४ साली जगापुढे ठेवला. १९७९ साली बर्ट यांच्या चरित्रकारानेही हे आकडे बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे काहींनी त्यांचा कैवार घेतला. तथापि त्या आकड्यांवर आज कोणी विसंबत नाही.

प्रतिपक्षाचा उत्तम मुद्दा

येथे कोणी म्हणेल, जुन्या लबाड्या उकरून काढणे सोपे आहे. आजच्या संशोधनाचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्यास पाठ दाखविणे आपणांस शोभणार नाही. एकाच समाजातील, सारख्याच परिस्थितीत वाढलेल्या माणसांच्या बुद्ध्यंकांत जो फरक पडतो त्यात अनुवंशाचा वाटा असतो, हे जुळ्यांवरील पुढच्या अनेक प्रामाणिक अभ्यासांतून दिसून आले आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. चूक होते ती त्यापुढच्या उडीत. व्यक्ती-व्यक्तींमधील फरकात अनुवंश आहे, म्हणून समाजा-समाजांमधील फरकही अनुवंशानेच आला, ही ती उडी. १९६९ साली आर्थर जेन्सन यांनी आणि १९९४ साली हर्नस्टाइन व मरे यांनी कृष्णवर्णीयांविषयी असाच सूर लावला.

जेन्सन यांस शेतकऱ्यालाही कळेल असे उत्तर रिचर्ड लिवाँटिन यांनी १९७० साली दिले. एकाच पोत्यातील बियाणे मूठभर कसदार जमिनीत टाका, मूठभर निकस जमिनीत. कसदार वाफ्यातील रोपांत जे उंच-सखलपण दिसेल ते बियाण्याचे. निकस वाफ्यातलेही बियाण्याचेच. परंतु एका वाफ्याची सरासरी दुसऱ्यापेक्षा कमी भरली, तर तो दोष जमिनीचा. निकस वाफ्यातील रोपांस ‘तुमचे बीजच खुजे’ म्हणणारा शेतकरी शहाणा नव्हे.

जमीन बदलली की काय होते, याचे पुरावे भरपूर आहेत. न्यूझीलंडमधील विद्वान जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली चौदा देशांतील आकडे एकत्र करून दाखविले की, पिढीगणिक बुद्ध्यंक वाढत आले आहेत. नेदरलँड्समधील सैनिकभरतीच्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० अंकांनी वाढले. तीस वर्षांत रक्त बदलत नाही. शाळा, आहार आणि राहणी बदलते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांपासून जर्मन स्त्रियांना झालेल्या मुलांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. बाप कृष्णवर्णीय असो वा गोरा, मुलांच्या सरासरीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आणि २०१८ साली सहा लाखांहून अधिक लोकांविषयीच्या माहितीचा एकत्र विचार करून संशोधकांनी सांगितले की, शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंक एक ते पाच अंकांनी वाढतो. मग ज्यांच्यासाठी शाळेचे दार शतकानुशतके बंद होते, त्यांच्याकडून किती वर्षांचे अंक हिरावून घेतले गेले, याचा हिशेब गुणवत्तेचे कैवारी देतील काय?

आपल्या दारचा पुरावा

हा गज आपल्या भाषेतही फार पूर्वी आला. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीची मराठी व कानडी मुलांसाठी पुनर्रचना करून १९४० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे परिश्रम मोलाचे होते, आणि ‘बिने-कामत’ कसोटी भारतात आजही वापरली जाते. परंतु ज्या दशकात ती तयार होत होती, त्याच्या आरंभीच्या, १९३१ च्या जनगणनेत या देशात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. त्या काळच्या मुलांवर बसविलेले माप आजच्या मुलास लावताना किती सावधगिरी हवी, हे सांगावयास तज्ज्ञ कशास हवा?

या मापाच्या वेळी आणखी काय घडते, याचा प्रत्यय उत्तर प्रदेशातील एका प्रयोगाने आणून दिला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांस कागदावरचे चक्रव्यूह सोडवावयास दिले. ३२१ मुले उच्च जातींची, ३२१ कनिष्ठ मानलेल्या जातीची. प्रत्येक व्यूहामागे पैसे मिळावयाचे होते. जात उच्चारली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या मुलांच्या वेळी प्रत्येकाचे नाव, गाव, वाडवडील आणि जात सर्वांदेखत मोठ्याने जाहीर करण्यात आली. आणि दलित मुलांची कामगिरी एकदम खाली आली. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मुले तशीच होती, व्यूह तसेच होते. मध्ये आला तो एक शब्द. त्या एका शब्दाने जर पंधरा मिनिटांत इतके घडते, तर जन्मापासून रोज तो शब्द कानी पडणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अनेकांस ती करावीही लागणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या प्रबंधात हा प्रश्न मुळापासून सोडविला आहे. माणसे सर्वार्थाने समान नाहीत, हे त्यांनी मान्य केले. माणसाचे सामर्थ्य त्यांनी तीन गोष्टींवर अवलंबून ठेवले : शारीरिक अनुवंश, समाजाकडून मिळालेला वारसा आणि स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांच्या तफावतीस वेगळे फळ मिळावे, हे ठीक. परंतु पहिल्या दोहोंच्या बाबतीतही विषम वागणूक दिली, तर ज्यांच्या पाठीशी जन्म, शिक्षण, घराणे आणि पैसा आहे तेच शर्यत जिंकतील. आणि ती निवड कर्तृत्ववानांची न होता सवलतवंतांची होईल. म्हणून समाजास आपल्या माणसांकडून अधिकात अधिक मिळवावयाचे असेल, तर शर्यतीच्या आरंभीच त्यांना शक्य तितके समान केले पाहिजे. बुद्ध्यंकाचे भोक्ते शर्यतीच्या मध्यावर घड्याळ लावतात आणि मागे असलेल्याच्या पायात दोष काढतात. त्याच्या पायातील बेडी त्यांस दिसत नाही.

मग काय करावे?

बुद्धीच्या कसोट्या जाळून टाका, असे आमचे म्हणणे नाही. ज्या बालकास खरोखरच बौद्धिक दिव्यांगत्व आहे त्यास ओळखण्यास त्यांचा उपयोग होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही बौद्धिक क्षमतेबरोबर रोजच्या व्यवहारातील वागणुकीचा विचार सांगितला आहे. एका आकड्यावर माणूस ठरविलेला नाही. हाच बिने यांचा मूळ मार्ग. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांस त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात मतिमंदांच्या वर्गांत ढकलले जात होते. काही पालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि १९७९ साली संघराज्याच्या न्यायालयाने त्या मुलांस अशा वर्गात घालण्यासाठी बुद्ध्यंकाच्या कसोट्या वापरण्यास मनाई केली. लढणाऱ्यांनी गज दुसऱ्याच्या हातातून काढून घेतला.

म्हणून माता-पित्यांस आमचे सांगणे आहे : आपल्या मुलाविषयी कोणी आकडा पुढे केला तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. कसोटी कोणती, ती केव्हा आणि कोणत्या मुलांवर बसविलेली आहे, मुलाच्या घरच्या भाषेत घेतली काय, हे विचारा. त्याची दृष्टी आणि श्रवण तपासले काय, हेही विचारा. आणि शेवटी विचारा की, या आकड्यानंतर माझ्या मुलास अधिक काय मिळणार? जादा शिक्षक, जादा वेळ, उपचार मिळणार असेल तर कसोटी स्वीकारा. मुलास मागच्या बाकावर बसविण्यासाठी अथवा शाळेतून काढण्यासाठीच आकडा काढलेला असेल, तर तो लेखी मागा आणि त्याविरुद्ध दाद मागा. आपल्यातील जे शिक्षक झाले आहेत, त्यांनी वर्गात मुलाची जात मोठ्याने पुकारली जाणार नाही, एवढी तरी शपथ घ्यावी.

आणि आपल्यातील तरुणांनो, तुम्ही मानसशास्त्र शिका, संख्याशास्त्र शिका. होरेस मॅन बाँडने विरोधकांच्याच कोष्टकांतून त्यांस निरुत्तर केले, कारण त्यास ती कोष्टके वाचता येत होती. पोथी ज्यांनी लिहिली त्यांनीच ती वाचावी, अशी व्यवस्था होती तोवर आपण हीन ठरलो. आकड्यांची पोथीही तशीच परक्या हाती राहिली, तर नवे शतक आपणांस नव्या शब्दांत तेच सांगत राहील.